तारांचा रोध शून्य माना

२ नोव्हेंबर

आली एकदाची भट्टी! चौघा हमालांनी दारातून आत घेताना दोनदा चौकटीला धडकवली आणि दोन्ही वेळा माझ्याच काळजाला धक्का बसला. पुढचं दार, दिवाणखाना, मग सासूबाईंची खोली, स्वयंपाकघर, मागचं अंगण आणि अंगणापलीकडची अडगळीची खोली, अशी तिची वरात गेली. अडगळीची खोली आता कारखाना म्हणायची.

सासूबाई पलंगावरून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "पेटी कुणासाठी आणलीस गं? माझ्या मापाची दिसत नाही."

"कप भाजायची भट्टी आहे, आई."

"हो का. मला वाटलं, तुला घाई झाली."

तीस वर्षं ऐकतेय हे. नववी-दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवून घरी यायचं आणि इथे पुन्हा रोज तोंडी परीक्षा! हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, त्यामुळे आता परीक्षेला मध्यंतरही नाही. यंदा निवृत्त झाले. पहिले पंधरा दिवस बरं वाटलं, मग सकाळी उठून खडू शोधायला लागले. म्हणून हे खूळ. संध्याकाळच्या वर्गात मातीकाम शिकले, हात बरा आहे म्हणतात. स्वतःची भट्टी, स्वतःचे कप, स्वतःच्या नावाचं काहीतरी.

भट्टीच्या पाठीवर पत्र्याची पट्टी आहे: २३० व्होल्ट, ३००० वॅट. हात शिवशिवले. शक्ती भागिले विभवांतर म्हणजे धारा, १३ अँपिअर. विभवांतर भागिले धारा म्हणजे रोध, साडेसतरा ओहमच्या जरा वर. फळा नाही म्हणून जुन्या वर्तमानपत्रावर सोडवलं. उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि स्वतःलाच पैकीच्या पैकी दिले.

५ नोव्हेंबर

टेस्टर येऊन वायरिंग करून गेला. टेस्टर म्हणजे माझाच विद्यार्थी. शाळेपासून खिशाला टेस्टर लावून फिरायचा, नाव तेच पडलं, आणि पुढे वायरमनच झाला. पाया पडला, चहा प्यायला, मग घरभर फिरून भिंती वाजवत बसला.

त्याचं म्हणणं असं की भट्टीला मीटरपासून थेट जाड नवी वायर हवी. त्यासाठी सासूबाईंच्या खोलीतली अख्खी भिंत फोडायला हवी, कारण जुनी लाइन तिथूनच जाते. पूर्वी त्या खोलीच्या कोपऱ्यात मोरी होती, तिथे पाण्याचा हीटर होता, त्याची लाकडी पेटी अजून भिंतीत आहे.

सासूबाईंनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. "माझ्या अंगावर धुरळा पाडलास तर याद राख. मेल्यावर फोडा काय फोडायचं ते."

"आजी, दोन दिवसांचं काम आहे. तेवढं बाहेरच्या खोलीत..."

"मी इथून हलणार नाही."

अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवी बाजू बधिर झाली, पण जिभेला काही झालेलं नाही. शेवटी मीच म्हटलं, बाबा रे, काहीतरी मधला मार्ग काढ. त्याने काढला. हीटरच्या पेटीपर्यंत जुनी वायर आहेच, ती पुष्कळ जाड आहे म्हणाला. तिथे नव्या वायरीचं टोक जुन्या टोकाला पिळून जोडलं, काळी टेप गुंडाळली, पेटीवर प्लायचा तुकडा ठोकला आणि वरून रंगाचा हात फिरवला. नवी वायर तिथून स्वयंपाकघरातून मागे नेली. धुरळा नाही, आरडाओरडा नाही.

"तात्पुरतं आहे हं, बाई," जाताना म्हणाला. "तुमची पहिली ऑर्डर गेली की आजींना चार दिवस तुमच्या लेकीकडे पाठवा, मी सगळं नीट करतो."

हुशार पोरगा. दहावीत विद्युतच्या धड्यावर त्याच्या पेपरात मला एकही चूक सापडली नव्हती.

९ नोव्हेंबर

पहिली भाजणी! सकाळी भट्टी लावली, संध्याकाळी तापमानाचा काटा हजाराला टेकला. बारा कपांतले अकरा शाबूत. बाराव्याचा कान गळाला, तो मी चहाला ठेवला आहे.

लेकीने वाढदिवसाला मीटर पाठवलं होतं, त्याचं उद्घाटन केलं. चिमट्यासारखं तोंड आहे, त्यात एक तार धरली की धारा दिसते. शाळेतला अँमीटर म्हणजे धक्का मारून चालवायची गाडी होती, त्याच्यापुढे हे काय सुंदर यंत्र! भट्टी बंद असताना २३० व्होल्ट. चालू केल्यावर २२२ व्होल्ट आणि १२.६ अँपिअर. रोध १७.६, म्हणजे पट्टीवरून काढला होता तेवढाच. शक्ती सुमारे २८००. आठ व्होल्ट गेले कुठे? वीज कंपनीच्या खांबावर, आणखी कुठे. इकडे कोणी पंखा लावला की तिकडे दिवा मंदावतो, असला त्यांचा कारभार.

१६ नोव्हेंबर

थंडी पडायला लागली. सासूबाईंच्या खिडकीतून वारा येतो म्हणून पलंग सरकवून आतल्या भिंतीला लावला. पलंग सरकवताना त्यांनी मला आळशी, आडदांड आणि अंगात जीव नसलेली, असं तिन्ही एकदम म्हटलं. आडदांड आणि जीव नसलेली एकाच वेळी कशी, हे विचारायचं राहिलं.

संध्याकाळी मात्र नवलच. चहा घेऊन गेले तर उशी भिंतीला लावून त्या आरामात टेकून बसलेल्या. "ही भिंत बरी आहे गं. उबदार आहे."

बरी आहे! या घरातली एखादी वस्तू त्यांना बरी वाटली, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

२१ नोव्हेंबर

नाक्यावरच्या कॉफीच्या दुकानाचा मालक आला होता. टक्कल पडलेला, हसरा माणूस आहे. शेल्फवरचा निळा मग हातात फिरवत राहिला, मग म्हणाला, बाई, मला सगळ्या दुकानासाठी असे हवेत, नाताळच्या सुट्टीआधी. मनातल्या मनात मी उडीच मारली. वरवर मात्र "बघते, जमेल बहुतेक," असं एखाद्या मुरलेल्या व्यापाऱ्यासारखं म्हटलं. तो गेल्यावर अंगणात दोन गिरक्या घेतल्या. शेजारच्या बोक्याने पाहिलं, बाकी कोणी नाही.

आता आठवड्यातून तीन-चार भाजण्या कराव्या लागतील.

२७ नोव्हेंबर

आज भट्टीने अंत पाहिला. काटा नऊशेला अडून बसला तो हलेना. मीटर लावलं: २१२ व्होल्ट, १२ अँपिअर. आधी वाटलं कॉइल गेली. पण गणित करून पाहिलं, रोध तोच, १७.६ च्या आसपास. भट्टी ठणठणीत आहे! दोष व्होल्टेजचा. व्होल्टेज थोडं पडलं तरी शक्ती वर्गाच्या प्रमाणात पडते, हे मी किती पिढ्यांना सांगितलं. उत्तर २५४४ वॅट. साडेचारशे वॅट कमी म्हणजे भाजणी रेंगाळणारच. उपाय सोपा आहे, जास्त वेळ चालू ठेवायची.

फ्यूज एकदाही उडालेला नाही. उडेल कशाला, धारा तर कमीच होतेय. म्हणजे धोका काही नाही, नुसती डोकेदुखी.

घरात कसलातरी वास येतोय, मासळी करपल्यासारखा. शेजारणीला विचारलं तर ती उलट माझ्याच भट्टीकडे बोट दाखवते. कपांवरच्या झिलईत काय काय रसायनं असतात, त्यांचा असेल. सासूबाईंना विचारून उपयोग नाही, तपकीर ओढून ओढून त्यांच्या नाकाने कधीच राजीनामा दिलाय.

३ डिसेंबर

आज सासूबाईंनी मला गाठलंच. "तू भट्टी लावतेस ना, त्या दिवशी माझी भिंत तापते."

म्हटलं, आई, भट्टी अंगणापलीकडे आहे.

"असू दे अंगणापलीकडे. काल लावली नव्हतीस, भिंत गार होती. आज लावलीस, बघ हात लावून."

हात लावला. खरंच होती उबदार, दुपारच्या उन्हात ठेवलेल्या पाटीसारखी. माझ्यातली मास्तरीण लगेच जागी झाली. उष्णतेचं वहन! भट्टीखालची फरशी तापते, फरशीखालून जमीन, जमिनीतून भिंत. त्यात खिडकीतून या भिंतीवर दुपारचं ऊनही येतं. सगळं त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हेही नवीनच.

मग म्हणाल्या, "या घरात येऊन मला साठ वर्षं झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा थंडीत पाठ शेकली गेली. तुझ्या सासऱ्यांनीसुद्धा एवढं केलं नाही."

स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरली. तीस वर्षांत एक चांगला शब्द नाही आणि आज असा एकदम! डोळ्यांत पाणी आलं, लिहिताना लाज वाटते पण आलं.

५ डिसेंबर

आज भाजणीचा दिवस नव्हता. तरी भट्टी लावली. आत चार फुटके कप ठेवले, रिकामी कशाला लावायची म्हणून. सासूबाई दुपारभर भिंतीला टेकून गाढ झोपल्या. बोकाही हल्ली त्यांच्या पायाशी असायचा, पण आज तो खोलीत येईना. दारात उभा राहून भिंतीकडे बघत होता आणि मी उचलून आत नेला तर माझ्या हाताला ओरखडा काढून पळाला. कृतघ्न मेला.

लेकीला फोनवर सांगितलं की आजी माझं कौतुक करते. ती म्हणाली, "आई, आजीची तब्येत ठीक आहे ना? डॉक्टरला दाखव." दोघी खूप हसलो.

८ डिसेंबर

१९६ व्होल्ट! ११.१ अँपिअर! तीन हजारांच्या भट्टीला बावीसशेसुद्धा मिळत नाहीत. सकाळी लावलेली भट्टी दिवेलागणीला कशीबशी पोचली आणि झिलई तरी मळकट. वीज कंपनीला फोन करून चार शब्द सुनावले, तेव्हा कुठे दुपारी त्यांचा माणूस आला. भट्टी मुद्दाम चालू ठेवली होती. मोटरसायकल बंदही न करता त्याने पुढच्या दारातल्या मीटरला आपलं यंत्र लावलं.

"२३० आहे, मॅडम. बरोब्बर."

"अहो, मागे येऊन बघा की. माझ्याकडे १९६ आहे."

"मीटरपर्यंत आमची जबाबदारी. आतलं तुमचं तुम्ही बघा." आणि गेलासुद्धा!

हात झटकायला यांना कोणी शिकवावं लागत नाही. दोघांतलं एक यंत्र खोटं बोलतंय, आणि माझं तर नवंकोरं आहे. मीटर आणि भट्टी यांच्यामध्ये आहे काय? नुसती तार. दरवर्षी गणित घालताना फळ्यावर पहिली ओळ मी हीच लिहायचे: जोडणीच्या तारांचा रोध शून्य माना. पोरं विचारायची, का मानायचा? मी म्हणायचे, नाहीतर तुमचं गणित आणि माझी नोकरी, दोन्ही संपायची नाहीत. अख्खा वर्ग हसायचा.

त्या माणसाविरुद्ध रीतसर तक्रार करणार आहे.

१० डिसेंबर

टेस्टरला फोन लावला. तो मोठ्या कामावर परगावी आहे, मागे ड्रिलचा खडखडाट चालू होता. व्होल्टेज पडतंय म्हटल्यावर त्याने आधी कंपनीलाच शिव्या दिल्या. ऐकून बरं वाटलं. मग विचारलं, "बाई, कुठे काही गरम लागतंय का?"

"अरे, भट्टी आहे ती. गरमच लागणार."

"तसं नाही, स्विचबिच?"

स्विचला हात लावून पाहिला. गार होता. तसं सांगितलं.

"मग लाइनचंच. ऑर्डर संपली की येतो, मग तो तात्पुरता जोडही काढून टाकू." कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन तुटला.

कॉफीवाल्याचे अर्ध्याहून जास्त मग तयार आहेत. उरलेले होतील. झालेच पाहिजेत, दिलेला शब्द आहे.

१३ डिसेंबर

सासूबाईंच्या शालीवर पाठीच्या जागी तपकिरी डाग पडला आहे, इस्त्री विसरल्यावर पडतो तसा. म्हटलं, आई, चहा सांडलात का? "पाठीवर कसा सांडीन? मी काय उलटी पिते?" धुऊन पाहिली, डाग जात नाही. तपकिरीचा असेल.

भिंतीवरही तसाच मोठा डाग उमटलाय. रंगाला फोड आलेत. ओल असणार, जुनं घर आहे. कॉफीवाला पुढच्या आठवड्यात घरी येईल, दारातून नेमकी तीच भिंत दिसते, म्हणून दिवाणखान्यातला सासऱ्यांचा फोटो आणून डागावर टांगला. नेमका बसला. सासूबाई फोटोकडे मान वळवून बराच वेळ बघत होत्या.

संध्याकाळी म्हणाल्या, "आता हे माझ्या पाठीशी बसलेत. जिवंतपणी कधी बसले नाहीत." आणि चक्क हसल्या. त्यांच्या उजव्या खांद्याला तेल लावताना कातडी लाल दिसली. दुखतंय का विचारलं तर म्हणाल्या, त्या बाजूला मला कुठे काही कळतं! पडून पडून झालं असेल. उद्यापासून कूस बदलायला लावायला हवी.

१५ डिसेंबर

कूस बदलायला तयार नाहीत. डाव्या कुशीवर वळवलं की थंडी वाजते म्हणतात आणि अर्ध्या तासात पुन्हा भिंतीला टेकतात. सकाळी चहाबरोबर पहिला प्रश्न, "आज लावणार ना भट्टी?"

मी म्हटलं, लावते हो. रोज लावते. खरं सांगायचं तर हा प्रश्न ऐकायला मी सकाळी लवकर उठायला लागलेय. कोणीतरी माझ्या भट्टीची वाट बघतंय. शाळेच्या घंटेनंतर असं काही उरलं नव्हतं.

मासळीचा वास आता कायमचाच झालाय. नाकाला सवय झाली.

१८ डिसेंबर

शेवटची भाजणी. भट्टीच्या समोर स्टूल टाकून बसले आहे, बाहेर लख्ख ऊन आहे पण हवा बोचरी. सासूबाई जेवून झोपल्या, शाल आणि वर दोन पांघरुणं. झोपताना म्हणाल्या, "आज अगदी झकास तापली आहे." काटा अजून आठशेवरच लोळतोय. वेळ आहे तोवर कंपनीच्या तक्रारीचा मसुदा इथेच करते. आकड्यांत बोललं की माणसं गप्प बसतात.

आत्ताचं वाचन: १७८ व्होल्ट, १०.१ अँपिअर. रोध १७.६, म्हणजे माझी भट्टी निर्दोष, हे पहिलं कलम. शक्ती १७९८ वॅट. तीन हजारांच्या जागी अठराशे, हे दुसरं कलम.

तिसरं कलम: आपल्या लाइनमध्ये माझे किती वॅट वाया जातात. २३० वजा १७८, ५२ व्होल्ट. गुणिले १०.१. म्हणजे ५२५ वॅट.

पाचशे पंचवीस! माझी इस्त्री पाचशेची आहे. म्हणजे मी भट्टी लावली की कुठेतरी एक इस्त्री आपोआप चालू होते आणि दिवसभर चालू राहते. हे छान आहे, असंच लिहावं. आता कुठे, तेवढं लिहिलं की झालं. आपल्या खांबावर.

पण तो मोटरसायकलवाला म्हणेल, मी मीटरवर २३० पाहिले. बरं, वादापुरतं त्याचं खरं धरू. मग हे ५२ व्होल्ट मीटरच्या अलीकडे, माझ्या घरात पडतात. घरात तर फक्त तार आहे. तारेचा रोध शून्य मा

नाही, एकदा काढूनच टाकते. ५२ भागिले १०.१. पाच ओहम. पाच? एवढ्याशा तांब्याच्या तारेत अर्धा ओहमही सापडायचा नाही. म्हणजे तो तारेच्या लांबीत नाही. कुठेतरी एकाच जागी आहे. एकाच जागी पाच ओहम आणि तिथेच अख्खी इस्त्री. तारेत अशी एकच जागा, टेस्टरचा तो पिळलेला जोड. तो त्याने हीटरच्या पेटीत आईंच्या

२२ डिसेंबर

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहिते आहे. हाताला पट्टी आहे, अक्षर लागलं नाही तर नाही.

भट्टीचा स्विच मी पाडला तो आठवतो. अंगण कसं ओलांडलं ते आठवत नाही. खोलीत धूर होता, फार नव्हता, छताशी पातळ निळा थर. सासऱ्यांचा फोटो जागच्या जागी होता, फक्त चौकटीच्या चारही बाजूंनी धूर येत होता. फोटोखालचा प्लाय जळून खाली आला होता आणि पलंगाच्या डोक्याशी, पांघरुणांच्या आत, ज्वाळा नसलेली लालभडक धग. आई झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, चेहऱ्यावर समाधान. मी किंचाळले तेव्हा जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "काय गं, ओरडतेस कशाला?"

शाल ओढली. ती सुटली नाही. त्यांना कळलंसुद्धा नाही, हे मी कधी विसरणार नाही.

शेजारचे धावत आले, पाणी ओतलं, गाडी काढली. पाठीची उजवी बाजू आणि खांदा. डॉक्टर म्हणाले, खोल आहे, आणि एका दिवसाचं दिसत नाही. आतून रोज थोडं थोडं भाजत आलंय. रोज थोडं थोडं. काल ताप चढला. वय आहे, बघू, म्हणाले. त्या 'बघू'चा अर्थ मला समजतो. नापास होणाऱ्या पोरांच्या आईवडिलांना मीही असंच सांगायचे.

लेक येऊन पोचली. मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

टेस्टर आला होता. हीटरची पेटी भिंतीतून काढून प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आला, का आणली कोण जाणे. पेटी कसली, कोळसा. मधे तांब्याची दोन टोकं, हिरवट काळी, वितळून एकमेकांना चिकटलेली. तोही रडवेला झाला होता. "बाई, मी नुसतं पिळून टेप मारली. तेवढ्याने काय होतंय, वाटलं."

"मलाही तेच वाटलं."

"मी गरम लागतंय का विचारलं होतं..."

"विचारलं होतंस. मी तुला स्विच गार आहे म्हणून सांगितलं." भिंतीचं बोलले नाही. भिंत मला लक्षातच आली नाही, कारण ती मला आवडायला लागली होती.

त्याच्यावर ओरडावं असं मनात होतं. पण तो समोर हात बांधून उभा राहिला, अगदी दहावीत राहायचा तसा, आणि माझ्या डोळ्यांपुढे फळा आला. पहिली ओळ, सुवाच्य अक्षरात. त्याने ती माझ्याकडूनच उतरवून घेतली होती. त्याला घरी जा म्हटलं.

कॉफीवाल्याचा निरोप आला, ते मग आता राहू द्या, आजींना सांभाळा. बाकीचे सगळे मग तयार आहेत. शेवटच्या भाजणीचे तेवढे अर्धे कच्चे राहिले.

मघाशी आईंना शुद्ध आली. पालथं झोपवलंय, पाठीवर पट्ट्या, चेहरा माझ्या बाजूला. ताप अंगात मावत नाही आणि तरी कुडकुडत होत्या. डाव्या हाताने चाचपडत होत्या. आधी मला वाटलं पाणी हवंय. मग कळलं, भिंत शोधताहेत. पलंग भिंतीला लागूनच आहे, इस्पितळाची गुळगुळीत पांढरी भिंत. हात तिला टेकला आणि त्यांनी तो लगेच मागे घेतला.

"सूनबाई," म्हणाल्या. अगदी हळू, आणि इतक्या वर्षांत कधी बोलल्या नाहीत इतक्या मायेने. "आज भट्टी लावली नाहीस का गं? भिंत गार आहे."

लेक तोंड वळवून बाहेर गेली.

"लावते हं, आई," मी म्हटलं. "आत्ता लावते." आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून बसले.